शाळेच्या अ‍ॅपचा रिव्ह्यू: हजेरीला चार तारे, ‘तुलने’ला अर्धा

दोन वर्षं हे अ‍ॅप वापरतेय. नाव लिहीत नाही. ज्यांच्या शाळेने ते गळ्यात मारलंय त्यांना मी काय म्हणतेय ते दोन वाक्यांत कळेल, आणि बाकीच्यांनी ते शोधून उतरवून घेण्यात काही अर्थ नाही, कारण हे आपण निवडत नाही. प्रवेश झाला की शाळा एक लॉगिन देते आणि त्या दिवसापासून पोरीची शाळा आपल्या पर्समध्ये थरथरायला लागते.

आधी चांगलं सांगते. हजेरी झकास. पहिला तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोवर ‘आपला पाल्य उपस्थित आहे’ असा निरोप येतो. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळी साडेसातपासून हातात ग्लोव्हज. मधेच एका नजरेत कळतं की पोर पोचली, बरं वाटतं. रजेचा अर्ज अ‍ॅपवरून जातो. पूर्वी चिठ्ठी लिहून दप्तरात ठेवायची आणि आठवड्याने ती तिथेच चुरगळलेली सापडायची, ते संपलं. गृहपाठाचे फोटो येतात. एकदा नुसता बाईंच्या अंगठ्याचा फोटो आला होता आणि तो तेवीस पालकांनी ‘पाहिला’ होता, पण ते चालायचंच. बसला उशीर होणार असेल तर कळतं. वाढदिवसाला फुगे सोडतं. एवढ्यावर थांबलं असतं तर चार तारे देऊन मी गप्प बसले असते.

पण त्यात ‘तुलना’ आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी नीट सांगते. चाचणीचा निकाल लागला की तुम्ही निकालावर बोट ठेवता. मार्क दिसत नाहीत. आधी तीन उभ्या पट्ट्या वर चढतात, हळूहळू, सर्कशीत खांबावर चढल्यासारख्या. एक ‘आपला पाल्य’, एक ‘वर्गाची सरासरी’, एक ‘सर्वोच्च’. आपली पट्टी सरासरीच्या वर असेल तर हिरवी, खाली असेल तर नारिंगी. त्याखाली ‘वर्गातील स्थान’, त्याखाली ‘पर्सेंटाइल’. आणि सगळ्यात तळाशी, करड्या बारीक अक्षरांत, मुलाला खरोखर किती मार्क पडले ते. ते वाचायला मला चष्मा लागतो. स्क्रीन बाजूला सरकवली की ठिपक्यांचा आलेख येतो, वर्गातली सगळी मुलं एकेका ठिपक्यात. आपला ठिपका लुकलुकतो. बाकीचे बिननावाचे, फक्त पहिल्या दहांवर बोट ठेवलं तर नावं उघडतात. आणि कोपऱ्यात ‘शेअर करा’. ते दाबलं की पट्ट्यांचं छान कार्ड तयार होतं, मागे चांदण्या.

गणिताच्या घटक चाचणीचा निकाल लागला तो रात्री पावणेनऊला. का पावणेनऊला, हे मी हेल्पलाइनला विचारलं होतं. ‘त्या वेळी पालकांचा प्रतिसाद सर्वाधिक असतो.’ असणारच. घरात सगळे असतात, मूलसुद्धा समोर असतं.

सासूबाईंनी माझा फोन हातात घेतला, कारण तो त्यांच्या जवळ होता. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पस्तीस? अगं, पस्तीसच टक्के?”

पोर सोफ्यावर होती. तिने मान वर केली नाही, पण पाय हलवत होती ते थांबले.

पस्तीस टक्के नव्हते. पर्सेंटाइल पस्तीस होतं. तिला चाळीसपैकी एकतीस होते, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. मी समजावून सांगितलं: आई, वर्गातली बेचाळीस मुलं मार्कांप्रमाणे रांगेत उभी करायची आणि हिच्या मागे शंभरातली किती आली ते बघायचं. बेचाळीसमध्ये हिचा सत्ताविसावा नंबर, मागे पंधरा, पंधरा भागिले बेचाळीस, म्हणून पस्तीस. उद्या सगळ्या वर्गाला अडतीसच्या वर पडले आणि हिला सदतीस पडले, तर पर्सेंटाइल शून्य. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग बाकीच्यांना किती पडले?”

हसू नका. मीही तेच केलं. त्यांनी निदान तोंडाने विचारलं.

तोवर पालकांच्या ग्रुपवर कार्डं यायला लागली होती. चांदण्या, चांदण्या, चांदण्या, आणि खाली हात जोडलेल्या बाहुल्या. जाऊबाईंचा फोन. त्यांचा मुलगा दुसऱ्या शाळेत, त्याच इयत्तेत. “काही नाही गं, सहज केला. झाला का निकाल तुमच्याकडे? आमच्याला अठरा पडले, वीसपैकी. तुझीला?” हा ‘सहज’ शब्द ज्या सहजतेने येतो ना, तशी सहजता आमच्याकडे नस शोधताना आली तर सोनं होईल. मी म्हटलं, “चांगले पडलेत.” त्या म्हणाल्या, “म्हणजे किती?”

रात्री सव्वाअकराला मी अंधारात तो ठिपक्यांचा आलेख मोठा करून ठिपके मोजत होते. बत्तीसवर पाच ठिपके. हिच्या बाकावर बसते तिला अडतीस. पहिल्या दहात असल्यामुळे नाव उघडलं. वर्गाची सरासरी बत्तीस पूर्णांक चार. हे सगळे आकडे मला अजून पाठ आहेत. आणि माझ्या मुलीला कुठला प्रश्न आला नाही हे मला माहीत नव्हतं. ते विचारायचं सुचलंही नव्हतं.

आता माझ्या कामाची गोष्ट आणते, कारण या अ‍ॅपकडे बघताना मला सारखं तेच डोळ्यांपुढे येतं.

मी दिवसभर रिपोर्ट काढते. रिपोर्टवर तपासणीचं नाव, आकडा, एकक, आणि शेजारी नॉर्मल रेंज. बाईचं हिमोग्लोबिन साडेअकरा आलं तर शेजारी ‘१२ ते १५’ असं लिहिलेलं असतं, तिला कळतं की जरा कमी आहे, ती डॉक्टरकडे जाते. त्या रिपोर्टवर आम्ही कधी असं छापत नाही की ‘आज सकाळी रक्त देऊन गेलेल्या बेचाळीस बायकांत आपला सत्ताविसावा क्रमांक, सर्वाधिक हिमोग्लोबिन तळमजल्यावरच्या काकूंचं’. छापलं तर दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप. आणि रक्तापेक्षा पोराचे मार्क कमी खाजगी आहेत असं कोणी ठरवलं?

बरं, ती नॉर्मल रेंजसुद्धा काय असते, ते सांगते. बहुतेक तपासण्यांत ती निरोगी माणसांची मोजमापं घेऊन मधली ९५ टक्के धरून ठरवतात. म्हणजे धडधाकट वीस माणसं आणली तर सरासरीने त्यातला एक रेंजच्या बाहेर जातो, त्याला काहीही झालेलं नसताना. म्हणून एका आकड्यावरून कोणी घाबरत नाही. इथे सरासरी हीच रेषा, तिच्याखाली गेलं की नारिंगी. सरासरीच्या खाली कोणीतरी असणारच, ती सरासरी आहे! सगळ्यांना सारखेच मार्क पडले तरच कोणी खाली राहणार नाही. प्रत्येक चाचणीला वर्गातली पंधरा-वीस घरं नारिंगी होणार हे अ‍ॅप लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

जाऊबाईंच्या अठराचं तर विचारूच नका. आमच्याकडे साखर मोजायची दोन एककं आहेत. एका लॅबचा रिपोर्ट म्हणतो ९९, दुसरीकडचा म्हणतो साडेपाच, आणि रक्त तेच असतं. अठराने गुणलं की एकाचं दुसरं होतं. तिथे निदान गुणता येतं. त्या शाळेतले वीसपैकी अठरा आणि या शाळेतले चाळीसपैकी एकतीस यांच्यामध्ये गुणायला कुठला आकडा आहे? पेपर वेगळा, काढणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तरी आम्ही दोघी फोनवर टक्के काढत बसलो. नव्वद आणि साडेसत्त्याहत्तर. साडेबाराचा फरक. कशातला फरक, ते दोघींनाही सांगता येणार नाही.

आणि तपासणाऱ्याचं म्हणाल तर, स्टार्च आणि एलियट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९१२ साली एक गंमत करून ठेवली आहे. इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. शंभरपैकी कोणी ६४ दिले, कोणी ९८. लोक म्हणाले, भाषा आहे, होणारच असं. मग त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला. २८ ते ९५. एकच पेपर, एकाच मुलाचा. हे वाचल्यावर मी पुन्हा त्या ठिपक्यांकडे गेले. हिला एकतीस. बत्तीसवर पाच मुलं. म्हणजे बाईंनी कुठल्यातरी पायरीला अर्ध्याचा एक केला असता आणि दुसरीकडे आणखी अर्धा दिला असता, तर सत्ताविसावी पोर बाविसावी. पाच नंबरांची उडी, दोन अर्ध्यांवर. मशीनमध्ये एवढी ढिलाई असती तर आमच्या सरांनी ते विकून टाकलं असतं.

आमच्याकडे रोज सकाळी पेशंटच्या आधी कंट्रोल लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना. तो ठरल्या हद्दीत आला तरच पुढचे रिपोर्ट. त्याचे रोजचे ठिपके एका तक्त्यावर मांडतात, त्याला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात, ही पद्धत १९५० पासूनची. ठिपक्यांचा आलेख मलाही आवडतो, म्हणजे बघा! पण आमच्या तक्त्यावर ठिपके असतात ते मशीनचे. मशीन आज बरोबर चाललंय का, एवढंच ते सांगतात.

हां, एक तुलना मात्र आम्हीही करतो. पेशंटचा आजचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघतो. फार फरक पडला तर थांबतो: नमुन्यांची अदलाबदल झाली का, की माणसालाच काही झालंय? डेल्टा चेक म्हणतात त्याला. अ‍ॅपमध्येही ‘मागील चाचणी’ असं एक बटण आहे. मोठ्या आशेने दाबलं. मागच्या वेळी चौतीस, या वेळी एकतीस, आणि खाली जाणारा लाल बाण. मागच्या वेळी पेपर पाढ्यांचा आणि गुणाकाराचा होता, या वेळी शाब्दिक उदाहरणांचा. काल मोजलेली साखर आणि आज मोजलेलं कोलेस्टेरॉल यांच्यामध्ये बाण काढल्यासारखं आहे ते.

उत्तरपत्रिका सापडली चौथ्या दिवशी.

ती अ‍ॅपमध्येच होती. शाळा पेपर स्कॅन करून टाकते, हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि अ‍ॅपने तर नाहीच नाही. पट्ट्या एका बोटावर, उत्तरपत्रिका पाच बोटांवर. रविवारी दुपारी मी ती उघडली आणि मुलीला शेजारी बसवलं. नऊ मार्क कापले होते. एक, शेवटच्या उत्तरात ‘मीटर’ लिहिलं नाही म्हणून. दोन, वेळ संपली म्हणून एक उदाहरण राहिलं. राहिले सहा. तीन उदाहरणं, प्रत्येकी दोन, आणि तिन्ही एकाच जातीची.

“एका मुलीकडे १५ पेन्सिली आहेत. तिच्याकडे भावापेक्षा ७ पेन्सिली जास्त आहेत. तर भावाकडे किती?”

हिने लिहिलं होतं २२. सुंदर अक्षरात, खाली दोन रेघा.

“हे बावीस कसं आलं गं?”

“जास्त म्हटलंय ना. जास्त म्हणजे बेरीज.”

“असं कोणी सांगितलं?”

“असंच असतं. जास्त आलं की बेरीज, कमी आलं की वजाबाकी. मी पाठ केलंय.”

मी कंपासपेटी ओतली. पेन्सिली, रंगखडू, तुटकी पट्टी, जे निघालं ते. म्हटलं, ही तू. तुझ्याकडे पंधरा मांड. तिने मांडले. आता भाऊ. भावाकडे किती ते माहीत नाही. पण तुझ्याकडे त्याच्यापेक्षा सात जास्त आहेत. मग जास्त कोणाकडे?

“माझ्याकडे.”

“आणि भावाकडे बावीस?”

ती बघत राहिली. ओठ हलत होते: भावापेक्षा, भावापेक्षा. मग तिने आपल्या पंधरातले सात उचलून बाजूला ठेवले, उरलेले आठ भावाच्या जागी सरकवले आणि म्हणाली, “शी!” पेन्सिल घेऊन तिने फोनच्या काचेवरच बावीस खोडायचा प्रयत्न केला.

पुढची दोन उदाहरणं तिने मला हात लावू दिला नाही.

नंतर कळलं की ही चूक इतकी नेहमीची आहे की तिच्यावर संशोधन आहे. लुईस आणि मेयर यांनी १९८७ साली दाखवलं की वाक्यातला शब्द एकीकडे ओढत असेल आणि करायची क्रिया दुसरीकडे, तर मोठी, कॉलेजातली मुलंसुद्धा जास्त वेळा उलटी क्रिया करून बसतात. वाचताना ती वाक्य मनात उलटं मांडून घेतात. गणित शिकवणारे याला तुलनेची उदाहरणं म्हणतात. बेरीज-वजाबाकीच्या शाब्दिक उदाहरणांत मुलांना सगळ्यात अवघड जाणारा प्रकार हाच. ‘पेक्षा’ आला की पोरं घसरतात.

हे एवढं, कंपासपेटी ओतण्यासकट, पंचवीस मिनिटांत झालं. आणि बुधवारी रात्रीपासून रविवार दुपारपर्यंत मी सत्तावीस, बेचाळीस, पस्तीस, अडतीस यांच्यामागे होते. चार दिवस पोर माझ्यासमोर जरा दबकूनच होती. तिला वाटत होतं तिला गणित येत नाही. तिला फक्त ‘पेक्षा’ येत नव्हता.

तर मी तक्रार केली. अ‍ॅपच्या आत तक्रारीची खिडकी आहे, तिला ‘आपला आवाज’ असं नाव आहे. मी लिहिलं की स्थान आणि नावं काढा, सेटिंगमध्ये निदान बंद करायची सोय द्या. उत्तर आलं की सोय आहे. आहे खरी. प्रोफाइल, मग गोपनीयता, मग अगदी तळाशी ‘माझ्या पाल्याचे नाव इतरांना दाखवू नका’. चालू केलं. त्याने हिचं नाव इतरांना दिसायचं बंद होतं, ती पहिल्या दहात आली तर. आली नाही तर तसंही दिसत नव्हतं. इतरांची नावं मला दिसायची बंद होत नाहीत, पट्ट्या जात नाहीत, स्थान जात नाही. म्हणजे दार लावायची कडी दिली, फक्त ती शेजाऱ्याच्या दाराला.

दुसऱ्याच्या मुलाचे मार्क कोणाला दिसावेत, यावरून अमेरिकेत प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलेलं आहे. ओक्लाहोमातल्या एका आईने शाळेवर दावा लावला होता, की वर्गात मुलं एकमेकांचे पेपर तपासतात आणि मार्क मोठ्याने सांगतात, ते बंद करा. फेब्रुवारी २००२ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला: १९७४ च्या खाजगीपणाच्या कायद्यात हे बसत नाही, कारण शेजारच्या मुलाच्या हातात असलेला पेपर म्हणजे शाळेने जपून ठेवलेली नोंद नव्हे. ती आई हरली. पण निकालातलं ते ‘जपून ठेवलेली नोंद’ मी दोनदा वाचलं. अ‍ॅपमध्ये असतं ते नेमकं तेच तर असतं.

हेल्पलाइनचं पुढचं उत्तर जास्त मोलाचं होतं. ‘तुलना ही सुविधा पालकांच्या आग्रहावरून दिलेली आहे.’ मला खोटं वाटलं. पालकसभेत वर्गशिक्षिकेला बाजूला घेऊन विचारलं. त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, “ताई, मागच्या वर्षी आम्ही एक चाचणी स्थान बंद ठेवून बघितलं. दोन दिवस फोन थांबेनात. ‘मॅडम, माझ्याला पस्तीस पडलेत ते कळलं हो, पण बाकीच्यांना किती?’” आणि मग, आवाज आणखी खाली आणून, “तुमच्या घरूनही फोन होता.”

मी केला नव्हता. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “एकदाच केला होता.”

तर अर्धा तारा अ‍ॅपला कमी आणि आम्हाला जास्त लागू आहे, हे मान्य. पण मागणी आहे म्हणून पुरवठा केलाच पाहिजे असं नसतं. लॅबमध्येही लोक विचारतात, “ताई, त्या पुढच्या पेशंटला काय निघालं हो?” आम्ही सांगत नाही. सिंगापूरसारख्या ठिकाणी, जिथली परीक्षांची चुरस जगजाहीर आहे, तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१९ पासून प्राथमिक-माध्यमिकच्या प्रगतिपुस्तकातून वर्गातलं स्थान काढलं. वर्गाची सरासरी काढली, सर्वात जास्त आणि सर्वात कमी मार्क काढले, आणि नापासाचे मार्क रंगवणं, त्याखाली रेघ मारणं हेही काढलं. हा दुवा मी ‘आपला आवाज’मध्ये पाठवला. उत्तरादाखल अंगठा आला.

सरासरी काढावी असं मात्र मला वाटत नाही. इथे मी सिंगापूरच्याही बाजूने नाही. चाळीसपैकी चौदा घेऊन पोर घरी आली आणि वर्गाची सरासरी बारा असेल, तर ते आईला कळायला हवं, नाहीतर ती विनाकारण ओरडेल. पेपर अवघड होता की पोर अडखळली, एवढं सांगण्यापुरती सरासरी कामाची. तळाशी, बारीक अक्षरात. आत्ता मार्क जिथे ठेवलेत तिथे सरासरी ठेवा आणि सरासरी आहे तिथे उत्तरपत्रिका, माझं एवढंच मागणं आहे.

आणि करायचीच असेल तुलना तर नीट तरी करा. वाढदिवसाचे फुगे सोडता म्हणजे जन्मतारीख तुमच्याकडे आहे. एकाच वर्गात जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली मुलं असतात. नऊ-दहा वर्षांच्या पोरात अकरा महिने म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, आणि वर्गातल्या लहान वयाच्या मुलांना सरासरीने मार्क कमी पडतात हे देशोदेशी दिसून आलंय. बाकावरची ती अडतीसवाली हिच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठी आहे. हे कसं कळलं? ग्रुपवरच्या फुग्यांवरून. म्हणजे हेही मी मोजलंय. सवय लागते.

मागच्या महिन्यात नवं अपडेट आलं. ‘तुलना’ हे नाव गेलं. आता त्याला ‘प्रगतीचा प्रवास’ म्हणतात. पट्ट्या त्याच. नारिंगीच्या जागी पिवळा. ठिपका लुकलुकताना आता टिंग वाजतं, ते बंद करायची सोय सेटिंगमध्ये मला अजून सापडलेली नाही.

आमच्या घरात सध्या असं ठरलंय की निकालाचं नोटिफिकेशन बंद आणि फोन माझ्याकडे. निकाल लागल्याचं मुलीकडूनच कळतं, तिला शाळेत कळलेलं असतंच. जाऊबाईंना मी मागच्या वेळी सांगितलं की आमच्या हिला ‘पेक्षा’ येत नव्हता, तुमच्याला येतो का बघा. त्या जरा फुरंगटल्या. मग रात्री मेसेज आला, ‘नाही येत.’ पुढे अर्धा तास आम्ही फोनवर होतो, आणि त्यात मार्कांचा आकडा एकदाही आला नाही. सासूबाई अजून विचारतात. त्यांना मी मुलीकडे पाठवते. ती त्यांना कंपासपेटी ओतून दाखवते.

ज्यांच्याकडे हेच अ‍ॅप आहे त्यांच्यासाठी: निकाल उघडून पट्ट्या चढायच्या थांबू द्या, मधे दाबलं तर अडकतं. मग उजवीकडे वरच्या तीन ठिपक्यांवर जा, तिथे ‘दस्तऐवज’, त्यात ‘मूल्यमापन’, त्यात विषय, आणि तिथे ‘संलग्न १’. उत्तरपत्रिका ती. ‘संलग्न २’ उघडू नका, तो कोरा कागद आहे. फोन आडवा धरा, उभ्या फोनवर उजवीकडचा समास कापला जातो आणि बाईंनी लाल शाईत लिहिलेलं सगळं त्या समासातच असतं.